डब्ल्यू-१२३ चे ब्रेक कॅलिपर: नवे शोधायचे की आहेत तेच बांधायचे?

घाटउतार

आमच्या आबांची मर्सिडीज २४० डी आहे, डब्ल्यू-१२३ मालिकेतली. १९८२ सालची, उजव्या स्टिअरिंगची. १९८९ मध्ये एस.टी.सी.च्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावात घेतली, त्याआधी एका वकिलातीत होती. आबा आता ऐंशीचे झालेत. गाडी मी चालवते आणि जमेल तेवढं काम घरीच करते.

गेल्या महिन्यात पाचगणीहून वाईला उतरताना पसरणी घाटात गाडी डावीकडे ओढायला लागली. ब्रेकवरून पाय काढला तरी ओढ जाईना. खाली वाईत थांबले तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता, आणि तो जळका वास. आबा शेजारी होते. बोलले काही नाहीत, पण उतरेपर्यंत त्यांनी दाराची मूठ सोडली नाही, ते मी पाहिलं. त्या दिवसापासून गाडी हलवलेली नाही.

या प्रकाराच्या पंधराच दिवस आधी पुढचे पॅड नवे टाकले होते. हे पॅड पिस्टनने डिस्कवर दाबून चाक थांबवतो तो भाग म्हणजे कॅलिपर. टाकणाऱ्या मेस्त्रींचं म्हणणं, "दोन्ही कॅलिपर गेले. नवे आणा, हे भंगारात द्या." नव्यासाठी नाना पेठ पालथी घातली, मुंबईला ऑपेरा हाऊसला विचारलं, कुर्ल्याला जाऊन आले. कुर्ल्यात एक जोडी दिसली, पण माझ्यापेक्षा जास्त गंजलेली.

इंजिनाचं मला कधी अडलं नाही. या गाडीचं ओएम ६१६ इंजिन आकुर्डीला बजाज टेम्पोने परवान्यावर बनवलं, ट्रॅक्समधून ते वर्षानुवर्षं धावलं. त्यामुळे पुण्यात त्याचे भागही मिळतात आणि नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारे लोकही. ब्रेकला असा कोणी वाली नाही.

हे कॅलिपर खरंच मेलेत का, की बांधून घेता येतील? कुणी स्वतः बांधले असतील तर सुरुवातीपासून सांगा. घाई नाही, पण काम पक्कं हवंय.

पद्मिनी_११००

ताई, कॅलिपरला हात लावायच्या आधी होज पाइप तपासा. चाळीस वर्षांचा रबरी होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजून बंद होतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण पाय काढल्यावर मागे यायला वाट राहत नाही. चाक धरून बसतं आणि दोष कॅलिपरवर येतो.

तपासणी सोपी आहे. गाडी जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, चाक अडकलंय याची खात्री करा. मग त्या चाकाचा ब्लीडर निपल (कॅलिपरमधली हवा काढायची तोटी) अर्धा फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर दाब आत कोंडला होता, म्हणजे होजचा दोष. तसंच अडकून राहिलं तर पिस्टनचा. चारही चाकांना करा.

घाटउतार

काका, आज दुपारी केलं. पुढचं डावं: निपल उघडला, काही फरक नाही, चाक तसंच घट्ट. पुढचं उजवं थोडं धरत होतं, ते निपल उघडताच मोकळं. म्हणजे डावीकडे पिस्टन आणि उजवीकडे होज. मागची दोन्ही ठीक, पण त्यांचीही डस्ट कव्हर (पिस्टनवरची रबरी टोपणं) तडकली आहेत. ही तपासणी कुणी केलीच नव्हती.

स्टुटगार्टकर

नमस्कार. मी जर्मनीत असतो, माझ्याकडे १९७९ ची २०० डी आहे. सुटे भाग मागवायच्या आधी तुमचे कॅलिपर कोणाचे आहेत ते बघा. डब्ल्यू-१२३ ला एकाहून जास्त कंपन्यांचे कॅलिपर लागले, आटेचे आणि बेंडिक्सचे दोन्ही. त्यांचे सील (पिस्टनभोवतीच्या रबरी कड्या) एकमेकांना चालत नाहीत आणि एकाच आसावर दोन वेगळे बसवूही नयेत. तारेच्या ब्रशने अंग घासा, ओतकामातच नाव उठवलेलं असतं.

भाग मिळतात. १९७६ ते १९८६ दरम्यान या मालिकेच्या सुमारे २७ लाख गाड्या बनल्या, त्यातल्या पुष्कळ अजून रस्त्यावर आहेत. आटे म्हणजे आल्फ्रेड टेव्हेस, १९०६ पासूनची फ्रँकफर्टची कंपनी, पुढे १९९८ मध्ये काँटिनेंटलकडे गेली. त्यांचे सील संच आणि पिस्टन या गाडीसाठी इथे सहज मिळतात. फेलबाखला मर्सिडीजचं क्लासिक सेंटर आहे, तिथेही विचारता येतं, फक्त किंमत जास्त.

एक अडचण आधीच सांगतो. इथे बांधून तयार केलेले कॅलिपर स्वस्त दिसतात, पण त्यावर जुना परत देण्याची अनामत असते. भारतातून जुने कॅलिपर परत धाडायचे म्हणजे कुरिअरचा खर्च अनामतीपेक्षा जास्त. शिवाय बांधलेला कॅलिपर आत कसा आहे ते तुम्हाला कळणार नाही. तुमचे ओतीव अंग शाबूत असेल तर पिस्टन आणि रबर मागवा, बाकी तुमच्याकडे आहेच. सामान किलोभराचंही होत नाही.

घाटउतार

चारही आटेचे निघाले! अक्षरं चिखलाखाली होती. आता बांधायचेच. पण डावीकडचा एक पिस्टन रतीभरही हलत नाही. कॉम्प्रेसरची हवा देऊन काढू का?

लोखंडी_हात

ताई, हवा नको. हात जोडून सांगतो.

मी कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर आहे, ट्रॅक्टरचं आणि जुन्या गाड्यांचं काम येतं. तुमच्या पुढच्या पिस्टनचा व्यास ६० मिमीच्या आसपास असणार. क्षेत्रफळ झालं साधारण २८ चौरस सेंटीमीटर. कॉम्प्रेसरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ७ किलो धरला तर त्या पिस्टनमागे दोनशे किलोचं बळ उभं राहतं. अडकलेला आहे तोवर ठीक, सुटला की बंदुकीतून सुटल्यासारखा येतो. हवा दाबून बसलेली असते, ऑइल तसं दाबलं जात नाही. आमच्या शेजारच्या शेडमध्ये एकाची दोन बोटं अशीच गेली.

पहिला उपाय गाडीचाच. कॅलिपर ब्रेकच्या लाइनला जोडलेलाच ठेवा, पॅड काढा, मोकळ्या पिस्टनपुढे लाकडाची ठोकळी द्या आणि पायाने हळू दाबा. अडकलेला पुढे यायला लागतो. दोन्ही पिस्टन थोडे थोडे, बरोबरीने बाहेर आणायचे. एक पूर्ण निसटला की दाब तिथून पळतो, मग दुसरा कशानेच निघत नाही. दोन्ही तोंडाशी आले की कॅलिपर उतरवून हाताने काढायचे.

त्यानेही नाही आला तर ग्रीस गन. होजच्या भोकात ग्रीस निपल बसेल असा छोटा बुश मी लेथवर करून देतो. ग्रीस भरत जायचं, पिस्टन मुंगीच्या पावलाने बाहेर येतो, उडत नाही. त्यानंतर अंग सॉल्व्हंटने दोनदा धुवायचं, ग्रीसचा कण राहता कामा नये, आणि जुनी रबरं टाकूनच द्यायची.

नवखा_हौशी

मध्येच विचारतो, क्षमस्व. नवे पॅड टाकल्यावरच कॅलिपर कसा अडकला? पॅडचा आणि पिस्टनचा काय संबंध? माझ्या मामांच्या गाडीलाही रत्नागिरीत हेच झालं होतं.

रबरकाम

चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर कळलं की निम्मं काम कळलं.

पॅड जसे झिजतात तसा पिस्टन बाहेर येत राहतो आणि तिथेच राहतो. बाहेर आलेल्या भागावर फक्त डस्ट कव्हरचं पातळ रबर असतं. ते तडकलं की पावसाचं पाणी, चिखल, कोकणात खारी हवा, सगळं त्या भागावर बसतं. क्रोमच्या बारीक चिरांमधून गंज आत शिरतो आणि क्रोम पोपडे धरतं. पण तोवर गाडी नीट चालते, कारण सील अजून आतल्या चकचकीत भागावर बसलेलं असतं.

मग नवे जाडजूड पॅड येतात. ते बसावेत म्हणून पिस्टन मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने मागे ढकलतात. इतकी वर्षं बाहेर गंजलेला भाग आता थेट सीलमधून आत जातो. तो एक तर अडकतो, नाही तर सील कापून गळायला लागतो. पॅड निमित्त ठरतात, दुखणं जुनंच असतं.

दुसरी गोष्ट, पिस्टन मागे येतो कशाने? स्प्रिंगने नाही. सीलची कड चौकोनी असते. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित पीळ खाते, सोडला की पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे ओढते. तेवढ्या अंतरावरच चाक मोकळं फिरतं. म्हणून सील कडक झालं किंवा त्याच्या खाचेत गंज साठला की ब्रेक धरून राहतो.

मागे ढकलताना निपल उघडा ठेवून त्याला नळी लावावी. कॅलिपरच्या तळाचं काळं ऑइल बाहेर पडू द्यावं, मास्टर सिलिंडरकडे (पेडलने ऑइल दाबणाऱ्या मुख्य सिलिंडरकडे) परत पाठवू नये.

घाटउतार

दोन रविवार गेले. मोकळे होते ते पिस्टन पायानेच आले. पुढचा डावा बाहेरचा मात्र ग्रीस गननेच निघाला. लोखंडी_हात दादा, तुम्ही पाठवलेला बुश अगदी बरोबर बसला, मनापासून आभार.

रबरकाम यांनी लिहिलंय तेच डोळ्यांनी पाहिलं. अडकलेल्या पिस्टनच्या बाहेरच्या बोटभर पट्ट्यात क्रोम नावाला नाही, नखाला खड्डे लागतात. त्याच्या आतला भाग आरशासारखा. उरलेल्या सात पिस्टनपैकी तीन चांगले, चार संशयित. व्हर्नियरने पुढचे ६० मिमी, मागचे ३८ मिमी भरले.

पण काळजी वेगळी आहे. कॅलिपरच्या आत, सिलिंडरच्या भिंतीवरही बारीक खड्डे आहेत. तिथे होन मारायचा का, म्हणजे भिंत आतून घासून गुळगुळीत करायची का? की मेस्त्री म्हणाले तेच खरं, अंगच गेलं?

पद्मिनी_११००

ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरची सवय असलेले आपण सगळे इथे चुकतो. माझ्या पद्मिनीत रबरी कप पिस्टनबरोबर पुढेमागे सरकतो आणि सिलिंडरच्या भिंतीवर घासतो. भिंतीला खड्डा म्हणजे गळती, म्हणून होन लागतो.

डिस्कच्या कॅलिपरमध्ये उलट आहे. सील भिंतीतल्या खाचेत बसलेलं, जागचं हलत नाही. त्यातून पिस्टन सरकतो. ऑइल अडतं ते पिस्टनच्या पृष्ठभागावर, भिंतीवर नाही. तेव्हा भिंतीवरचे बारीक खड्डे चालतात, गंज पुसून घ्या म्हणजे झालं. होन मुळीच नको, उगाच फट वाढेल. जीव ओता तो सीलच्या खाचेत. तिचा तळ आणि कडा स्वच्छ, कोरड्या, गंजाविना हव्यात. बांबूची टोकदार काडी घ्या, किंवा पितळेची. पोलादी टोक्याने खाचेला चरे पाडू नका.

तुमचं अंग जिवंत आहे. चाळीस वर्षं काय, अजून चाळीस जाईल.

घाटउतार

काका, हे वाचून आबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "बघू, तो डावा आण इकडे." मग तासभर आम्ही दोघं अंगणात बसून खाचा साफ करत होतो.

दरम्यान मुंबईच्या एका दुकानातून सील संच मिळाला. डबी हुबेहूब, मापंही जुळतात. जर्मनीहून यायला वेळ लागेल म्हणून हेच बसवावेत असा विचार आहे.

रबरकाम

थांबा! आधी एक सील बरणीत ब्रेक ऑइलमध्ये बुडवून दोन दिवस ठेवा. आधी आणि नंतर मोजा.

कारण सांगतो. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ आणि डॉट ४, याला ईपीडीएम रबर लागतं. बाजारात हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी काळी ओ-रिंग बहुतेक वेळा नायट्राइलची असते. ती इंजिन ऑइलला, डिझेलला उत्तम, पण ब्रेक ऑइलमध्ये फुगते आणि मऊ पडते. ईपीडीएमचं नेमकं उलट: ब्रेक ऑइलमध्ये सुखाने राहतं, पण पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस लागलं की फुगतं. दोन्ही काळी, दोन्ही गुळगुळीत. डोळ्याला फरक कळत नाही.

म्हणून कॅलिपरचे भाग शेवटचे धुताना रॉकेल नको, स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइलच. सील बसवताना त्याच ऑइलचा हात फिरवा, नाही तर ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस वापरा.

घाटउतार

निकाल: ४८ तासांत सील डोळ्याला दिसेल इतकं मोठं झालं. खाचेत घालून पाहिलं, मावतच नाही. दाबलं तर बोटाला काळं लागतं. तुलनेसाठी कॅलिपरमधून काढलेलं जुनं जर्मन सील दुसऱ्या बरणीत ठेवलं होतं, ते जसंच्या तसं.

हे बसवून घाटात गेले असते तर चार दिवसांत चारही चाकं धरली असती. दुकानदाराने पैसे परत दिले, पण तोच माल परत कपाटात ठेवला. मला ते फार लागलं. ब्रेकच्या मालात असं करू नये हो. स्टुटगार्टकर, तुम्ही सांगितलेला संचच मागवते.

स्टुटगार्टकर

मी पाठवतो, चिंता नको. पुढचे चार पिस्टनही घ्या असा माझा सल्ला. मागच्यांचं तुम्ही ठरवा.

लोखंडी_हात

मागचे मी करून देतो. ३०४ चं स्टेनलेस, लेथवर टर्न करून ग्राइंडिंग, मूळ चांगल्या पिस्टनच्या मापावर. गंजायचा प्रश्नच मिटला. फक्त मला तुमचा एक चांगला पिस्टन नमुन्याला लागेल. चार ठिकाणी मायक्रोमीटर लावतो, एका ठिकाणच्या मापावर विश्वास नाही ठेवत.

स्टुटगार्टकर

स्टेनलेसला माझा विरोध नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. पृष्ठभाग लेथच्या रेघांसकट सोडू नका, सील त्या रेघांवर किसलं जाईल. आणि जुना पिस्टन हार्ड क्रोम करून घ्यायचा झाला तर आधी ग्राइंड, मग क्रोम, मग पुन्हा मापावर ग्राइंड. नुसतं वरून क्रोम चढवलं की व्यास वाढतो आणि पिस्टन गरम झाल्यावर अडकतो.

लोखंडी_हात

मान्य. शेवटचा हात पॉलिशचाच असतो. सीलच्या वाटेत नख फिरवून काही लागलं नाही तरच पार्सल करतो.

नवखा_हौशी

कॅलिपर दोन भागांचा असतो ना, चार बोल्टनी जोडलेला? सगळं उघडतोच आहोत तर तोही उघडून साफ करावा का?

पद्मिनी_११००

नको. बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की दोन अर्धे वेगळे करू नका. मधल्या सांध्यात ऑइलच्या वाटेवर एक छोटी रिंग असते, ती नेहमीच्या सील संचात नसते. बोल्टही साधे नाहीत. दोन्ही पिस्टन न उघडता निघतात, खाचाही साफ होतात. सांध्यातून गळत असेल तरच त्या वाटेला जा, आणि तेव्हा रिंग ईपीडीएमचीच.

एक विषयांतर. डिस्कची गोष्ट निघाली की मला नेहमी वाटतं, आपली पद्मिनी म्हणजे फियाटची ११०० डी. तिकडे इटलीत १९६६ मध्ये ११०० आर आली तिला पुढे डिस्क होते. आपल्याकडे डी चालू राहिली आणि शेवटपर्यंत ड्रमच. जग्वारने डनलॉपच्या डिस्कवर १९५३ साली ल मान्सची शर्यत जिंकली होती, त्यानंतर इतक्या वर्षांनीही आपण बोरघाटात गिअर मारूनच वेग आवरत होतो.

नवखा_हौशी

काका, मग पद्मिनीला डिस्क बसवून घेता येतील?

पद्मिनी_११००

बसवलेल्या पाहिल्यात. पण नुसता कॅलिपर वेल्डिंगच्या पट्टीवर टांगून नाही. मास्टर सिलिंडरचं माप, मागच्या ड्रमशी पुढच्या डिस्कचा तोल, चाकाच्या आतली जागा, सगळं जुळवावं लागतं. मी माझ्या गाडीला नाही केलं. त्यावर वेगळा धागा काढ, मी येतो. इथे ताईंचं काम पूर्ण होऊ दे.

घाटउतार

जर्मनीचं पार्सल आलं, कोल्हापूरचंही आलं. कॅलिपर जोडले. मला उपयोगी पडलेल्या गोष्टी मागून येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

अंगाचा गंज काचेच्या बारीक मण्यांनी उडवला, वाळूने नाही. आधी सगळी भोकं रबरी बुचांनी बंद केली, कारण आतल्या वाटेत एक कण राहिला तरी तो सीलखाली जाऊन बसतो. मग भोसरीत पिवळं झिंक प्लेटिंग करून घेतलं. मूळ आटेचा रंग तसाच सोनेरी असतो, तो परत आलेला पाहून आबा म्हणाले, "अशीच आणली होती आपण." पॅड जिथे सरकतात त्या कडा मुद्दाम रंगाविना ठेवल्या.

एका मागच्या कॅलिपरचा निपल तुटला. तापवून, गार होऊ देऊन, परत तापवून तिसऱ्या वेळी निघाला. घाई केली असती तर भोकाचा आटा गेला असता.

या पिस्टनच्या तोंडाला एका बाजूला पायरी आहे. ती कुठल्याही दिशेला चालत नाही, ठरलेल्या वीस अंशांच्या कोनात बसवावी लागते, म्हणजे डिस्क जिकडून आत येते त्या टोकाला पॅडवर दाब कमी पडतो आणि ब्रेक किंचाळत नाही. काढण्याआधी मी फोटो घेतले होते, आणि कोनासाठी जाड पुठ्ठ्याचा साचा कापला. पिस्टन बोटांनीच आत गेले, तिरपा झाला की लगेच थांबून पुन्हा सरळ केला. हातोडा कुठेही नाही.

पिस्टन बसवल्यावर पुढचे दोन्ही होज नवे घातले. आणि गाडीखाली आडवी असताना एक चूक होता होता राहिली: डावा कॅलिपर उजवीकडे लावत होते. बोल्ट जुळतात, सगळं बसतं! पण मग ब्लीडर निपल खाली येतो. हवा वर राहते, कितीही एअर काढा, पेडल मऊच. निपल नेहमी वर.

पद्मिनी_११००

शाब्बास. आता एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. जर्मन पुस्तकात बहुधा मागचं उजवं पहिलं लिहिलेलं असेल, ते डाव्या स्टिअरिंगचं. तुमचा मास्टर उजवीकडे आहे, तेव्हा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. आणि पेडल तळापर्यंत आदळू नका. इतकी वर्षं मास्टरचा पिस्टन तिथवर कधी गेलेला नसतो, तिथल्या गंजावर त्याची रबरं फाटतात. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा.

रबरकाम

ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलंच घ्या. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी शोषल्यावर किमान १५५ वर येतो. घाटात सतत ब्रेक लागले की तेवढं तापमान गाठता येतं, मग वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात राहणाऱ्या गाडीचं ऑइल दर दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. उघडा डबा कपाटात जपून ठेवू नका.

नवखा_हौशी

पहिल्या दिवशी थेट घाटात नेणार का, ताई?

घाटउतार

नाही. आधी इंजिन बंद ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरलं, आबांनी चारही चाकांमागे टॉर्च मारून पाहिलं. कोरडं. मग इंजिन चालू करून पुन्हा, कारण सर्व्होचा (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्राचा) जोर मिळाला की दाब वाढतो. तेव्हाही कोरडं. त्यानंतर साताऱ्याच्या बाहेर रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत हळू ब्रेक, मध्ये गार होऊ देत, तीसेक वेळा. नवे पॅड डिस्कवर बसायला तेवढं लागतं. रात्री परत एकदा सगळे बोल्ट पान्याने तपासले.

काल पसरणी उतरलो, आबा आणि मी. दुसऱ्या गिअरमध्ये, वळणांवर ब्रेक, मधे पाय पूर्ण काढून. गाडी सरळ. वाईत त्याच जागी थांबले आणि चारही चाकांच्या रिमवर एकेक करून हात ठेवला. पुढची दोन्ही सारखीच कोमट, मागची त्याहून गार. आबा उतरले, डाव्या चाकापाशी गेले, त्यांनीही हात ठेवला, आणि मला म्हणाले, "मेणवलीपर्यंत जाऊन येऊ, अजून उजेड आहे."

लोखंडी_हात दादा, तुमचा बुश मी परत पाठवत नाही. पुढच्या कुणाला लागला तर इथे लिहा, टपालाने पाठवते.

नवखा_हौशी

मला लागेल, ताई. मामांच्या गाडीचा पुढचा उजवा. काल निपल उघडून पाहिला, चाक सुटलं नाही.